पेशंटला सांगायचं का?

१. केबिनमधली विनंती

बायॉप्सीचा रिपोर्ट हातात आला की घरोघर जवळजवळ सारखंच घडतं. आईला बाहेरच्या बाकावर बसवून मुलगा किंवा जावई फाईल घेऊन आत जातो आणि डॉक्टर काही बोलायच्या आत सांगतो, "काय असेल ते मला सांगा, डॉक्टर. आईला कळू देऊ नका. ती हाय खाईल."

कॅन्सर म्हटलं की नातेवाईक दोन प्रश्न विचारतातच: बरा होईल का, आणि खर्च किती येईल? तिसरा प्रश्न दबक्या आवाजात येतो: पेशंटला सांगायचं का? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं आजारावर अवलंबून असतात. तिसऱ्याचं उत्तर बरंचसं आपल्या हातात असतं, आणि पेशंट, घरचे, वॉर्डातले डॉक्टर, सिस्टर हे सगळे पुढचे महिने कसे काढणार हे त्यावर ठरतं.

लपवणाऱ्या मुलाला दोष देण्याआधी त्याची कारणं ऐकून घ्यायला हवीत. त्याला भीती वाटते, हे तर उघडच आहे. दुसरं कारण सहसा बोललं जात नाही, ते पैशाचं. जन्मभर स्वतःसाठी बरी साडी न घेतलेली बाई निदान कळताच म्हणणार, "माझं झालं आता सगळं. माझ्यापायी जमीन विकू नका." ती उपचारच नाकारेल, म्हणून तिला न सांगता उपचार सुरू करायचे. तिसरं कारण अगदी साधं असतं. ही गोष्ट आईसमोर बसून बोलायची कशी, हे घरात कोणालाच माहीत नसतं.

ही रीत फक्त आपल्याकडचीच आहे असंही नाही. १९६१ साली शिकागोच्या एका रुग्णालयातल्या डॉक्टरांची पाहणी छापून आली. त्यांतल्या ९० टक्के डॉक्टरांचा कल कॅन्सरचं निदान पेशंटला न सांगण्याकडे होता. १९७९ मध्ये तोच प्रश्न अमेरिकेतल्या दुसऱ्या एका रुग्णालयात विचारला, तेव्हा ९७ टक्के डॉक्टरांचा कल सांगण्याकडे होता. अठरा वर्षांत माणसाचं काळीज काही बदललं नव्हतं. दरम्यान उपचार सुधारले होते, आणि उपचारांना पेशंटची स्वतःची संमती हवी हा आग्रह वाढला होता. संमती घ्यायची तर आजाराचं नाव सांगावंच लागतं.

आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही २००८ साली हेच स्पष्ट केलं. एक सज्ञान स्त्री तपासणीसाठी भुलीखाली असताना डॉक्टरांनी तिच्या आईची संमती घेऊन तिचं गर्भाशय काढलं होतं. न्यायालय म्हणालं, पेशंट सज्ञान आहे, ती शुद्धीवर येईपर्यंत थांबता येत होतं, तेव्हा आईची संमती चालणार नाही. मुलाची, जावयाची गोष्ट वेगळी नाही.

२. तिला काय काय कळलेलं असतं

लपवण्याचा सगळा डाव एका समजुतीवर उभा असतो: आपण बोललो नाही तर तिला कळणार नाही. ही समजूत बहुतेक वेळा खोटी ठरते. मुंबईच्या परळमधलं टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ पासून उभं आहे. महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत 'टाटाला न्यायला सांगितलंय' एवढं ऐकलं की समोरच्याला पुढचं विचारावं लागत नाही. अशा रुग्णालयाच्या रांगेत चार तास बसलेली बाई आजूबाजूला बघत असते. शेजारच्या बाईच्या डोक्यावरचा रुमाल तिला दिसतो, कोणाला केमो लागली आणि कोणाला शेक, हे तिच्या कानावर पडतं. घरी ती स्वयंपाकघरात आली की फोनवरचं बोलणं थांबतं. पुण्याची मुलगी ऐन कामाच्या दिवसांत रजा टाकून येते. वर्षानुवर्षं न बोलणारा दीर भेटायला येऊन समोर बसतो.

तिला कळलेलं असतं. पण मुलं लपवताहेत, म्हणजे त्यांना ते सहन होत नाहीये, असं समजून तीही न कळल्याचं दाखवते. एकाच छताखाली दोन्ही बाजू एकमेकांना सांभाळण्यासाठी गप्प राहतात, आणि प्रत्येकाला आपलं दुःख एकट्याने काढावं लागतं. धाकटीसाठी ठेवलेल्या पाटल्यांबद्दल बोलायचं असतं. कुलदैवताला एकदा जाऊन यायचं असतं. बँकेतल्या पावत्या कुठल्या डब्यात आहेत ते सांगायचं असतं. यांतलं काहीही बोलायला गेलं की घरचे म्हणतात, "असं काय बोलतेस? तुला काही झालेलं नाही."

लपवण्याचा एक तोटा लोकांच्या लक्षातच येत नाही. लपवलं की चांगली बातमीही सांगता येत नाही. कॅन्सर हा एक आजार नाही. स्तनाची लहान, लवकर सापडलेली गाठ आणि स्वादुपिंडातून यकृतात पसरलेली गाठ या दोन्हींना आपण एकच नाव देतो, पण त्यांच्या वाटा पूर्ण वेगळ्या आहेत. पहिलीवर पूर्ण बरं करण्यासाठी उपचार होतात आणि अनेक बायका त्यानंतर वर्षानुवर्षं नातवंडं सांभाळतात. मनातल्या मनात 'कॅन्सर' ओळखलेल्या आईला हा फरक कोण सांगणार? तिने आयुष्यात पाहिलेला कॅन्सर म्हणजे शेवटच्या दिवसांत घरी आणलेला एखादा चुलतसासरा. तेच आपलंही होणार असं धरून ती रात्र रात्र जागते. तिची गाठ बरी होण्यासारखी आहे हे सांगायचं, तर गाठ कसली आहे हे आधी सांगावं लागतं.

३. पण ती खरंच हाय खाईल का?

पहिले काही दिवस वाईट जातात, हे कबूल करायलाच हवं. झोप उडते, जेवण जात नाही, रडू येतं. काही जण रिपोर्टच चुकला असेल म्हणून दुसऱ्या लॅबमध्ये जातात. एलिझाबेथ क्यूबलर-रॉस या मूळच्या स्वित्झर्लंडच्या मनोविकारतज्ज्ञ. त्यांनी शिकागोत मरणासन्न पेशंटांशी बोलून १९६९ साली एक पुस्तक लिहिलं. नकार, राग, घासाघीस, खिन्नता आणि स्वीकार या पाच अवस्था त्या पुस्तकामुळे जगभर माहीत झाल्या. त्या कोणी वेळापत्रकासारख्या वाचू नयेत. पुष्कळ माणसांनी सकाळी स्वीकारलेलं असतं आणि संध्याकाळी ती पुन्हा नाकारतात, काहींना राग कधी येतच नाही. आठवडाभराचा नकार ही मनाने मागितलेली थोडी सवड असते. गाठ वाढत असताना महिनोन्महिने दवाखानाच टाळला, तर मात्र तो नकार घातक ठरतो.

यानंतर माणूस काय करतो? रिचर्ड लॅझरस आणि सुझन फोकमन या मानसशास्त्रज्ञांनी १९८४ साली याची जी मांडणी केली, ती अजूनही उपयोगी पडते. संकटाला तोंड देताना आपण दोन प्रकारची कामं करतो. एक, बदलता येईल ते बदलणं. दोन, बदलता येत नाही त्याने होणारी मनाची तगमग कमी करणं. केमोने केस गळणार असतील तर ते आधीच बारीक कापून घेणं, तोंड येतं म्हणून मऊ भात आणि कमी तिखटाची भाजी करणं, डॉक्टरांना विचारायचे प्रश्न वहीत लिहून नेणं हे पहिलं काम. मैत्रिणीपाशी रडणं, हरिपाठ म्हणणं, काही तास आजाराचा विषयच न काढता मालिका बघत बसणं हे दुसरं. दोन्ही लागतात. पहिल्या कामाला माहिती लागते, आणि माहिती लपवली की पेशंटच्या हातात फक्त दुसरं उरतं. तेही अर्धंमुर्धं, कारण उघड रडायचीही सोय नसते.

'हाय खाल्ली म्हणून गेली' या समजुतीची दुसरी बाजू म्हणजे 'पॉझिटिव्ह राहा, बरी होशील'. जेम्स कॉइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ साली डोक्याच्या आणि मानेच्या कॅन्सरच्या १,०९३ पेशंटांचा अभ्यास प्रसिद्ध केला. पेशंटची मनःस्थिती बरी की वाईट, यावरून तो किती काळ जगेल याचा अंदाज येतो का, हे त्यांना पाहायचं होतं. तसा संबंध त्यांना आढळला नाही. मला हा अभ्यास फार दिलासा देणारा वाटतो. आनंदी राहिल्याने दिवस चांगले जातात, उपचार सोसवतात, हे खरंच. पण रडलात म्हणून गाठ वाढली, असा आरोप कोणावरही करता येत नाही. तापाने फणफणलेल्या, उलट्या करून थकलेल्या माणसाला हसरं राहायची सक्ती करू नये. त्याला रडू द्यावं.

४. सांगायचं कसं

वाईट बातमी सांगणं हे शिकता येण्यासारखं काम आहे. मनोविकारतज्ज्ञ वॉल्टर बेल आणि कॅन्सरतज्ज्ञ रॉबर्ट बकमन यांनी २००० साली त्याच्या सहा पायऱ्या मांडल्या, आणि आज अनेक देशांत त्या शिकवल्या जातात. निवांत जागा बघून बसायचं. पेशंटला काय माहीत आहे ते विचारायचं. किती ऐकायचंय ते विचारायचं. मग साध्या शब्दांत, थोडं थोडं सांगायचं. भावनांना वाट द्यायची. शेवटी पुढचा बेत ठरवायचा. महत्त्वाचं हे की माहिती देण्याचा नंबर चौथा आहे. आधी दोनदा विचारायचं आहे.

समजा, साठीतल्या एका काकूंना स्तनाची गाठ आहे आणि मुलाने 'सांगू नका' म्हटलं आहे. जाणता डॉक्टर मुलाशी वाद घालत नाही. तो म्हणतो, "मी त्यांच्यावर काही लादणार नाही. त्यांना काय माहीत आहे, एवढंच विचारतो. तुम्हीही बसा."

"काकू, एवढ्या तपासण्या झाल्या. तुम्हाला स्वतःला काय वाटतं?"

"गाठ आहे म्हणतात. पोरगा म्हणतो साधी आहे. साध्या गाठीला एवढी धावपळ कोण करतं?"

"रिपोर्ट आलाय. तुम्हाला सगळं सांगू, का थोडक्यात सांगू? का दादांशीच बोलू?"

"मलाच सांगा. त्याला झोप नाही रात्रीची, बघते ना मी."

"बातमी चांगली नाही, काकू. गाठ कॅन्सरची आहे."

इथे डॉक्टरने गप्प बसायचं असतं. ही दोन मिनिटं फार जड जातात आणि नेमकी तीच आपण आकडे आणि धीराची वाक्यं बोलून भरून टाकतो. काकू पदर तोंडाला लावतात. मुलगा पहिल्यांदाच आईसमोर रडतो. मग काकूच विचारतात, "मार्गशीर्षात नातीचं लग्न आहे. तोवर उभी राहीन ना?"

"गाठ पसरलेली नाही. बरं व्हायचं म्हणूनच उपचार करायचे आहेत. केमोची एखादी तारीख लग्नासाठी थोडी पुढेमागे करता येईल."

एखाद्या पेशंटने दुसऱ्या प्रश्नालाच "मला काही सांगू नका, मुलाला सांगा" असं उत्तर दिलं, तर ते मानायचं. न जाणण्याचाही माणसाला हक्क आहे, फक्त तो त्याने स्वतः वापरायला हवा. आणि काकू "माझ्यावर खर्च नको" म्हणाल्याच, तर तो विषय टाळू नये. समाजसेवा अधीक्षकांना त्यांच्यासमोर बसवून महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत यांतलं काय बसतं, कागदपत्रं कोणती लागतात, ते त्यांना ऐकू द्यावं. पैशाची भीती खरी माहिती मिळाल्याने बरीच ओसरते.

५. दुखणं आणि मॉर्फिन

पसरलेल्या कॅन्सरमध्ये पेशंटला मरणाहून अधिक धास्ती दुखण्याची असते. लंडनच्या सिसली सॉन्डर्स आधी नर्स होत्या, मग रुग्णालयातल्या समाजसेविका आणि शेवटी डॉक्टर झाल्या. १९६७ साली त्यांनी सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस, म्हणजे शेवटच्या आजारातल्या पेशंटांची सेवा करणारं केंद्र, सुरू केलं. शेवटच्या आजारातलं दुखणं चार ठिकाणचं असतं, असं त्या शिकवत: अंगातलं, मनातलं, नात्यांतलं आणि पैशाचं, आणि देवाला 'मलाच का' म्हणून विचारण्यातलं. फक्त गोळी वाढवून यांतलं पहिलंच कमी होतं. पण पहिलं कमी झाल्याशिवाय बाकीच्यांबद्दल बोलायचं त्राणही उरत नाही.

ते कमी करता येतं. जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ साली सांगितलेली पद्धत साधी आहे: शक्यतो तोंडाने औषध द्या, दुखणं वाढेल तसं अधिक जोराचं औषध द्या, आणि घड्याळ लावून द्या. घड्याळाची बाब घरच्यांना पटत नाही. 'फार दुखलं तरच गोळी दे' असा आपला स्वभाव. शेतकऱ्याला विचाराल तर तो सांगेल, पीक कोमेजल्यावर धो धो पाणी सोडण्यापेक्षा पाळीने सोडलेलं पाणी कमी लागतं आणि पीकही टवटवीत राहतं. मॉर्फिनच्या साध्या गोळीचा असर साधारण चार तास टिकतो. पुढची गोळी दुखणं उसळण्याआधी पोटात गेली, तर एकंदर औषध कमी लागतं. सोबत पोट साफ होण्याचं औषध मात्र द्यावंच लागतं, कारण मॉर्फिनने बद्धकोष्ठता होते. जुन्या बायामाणसांना 'दहापैकी किती दुखतं' हे उमजत नाही. 'रुपयात किती आणे फरक पडला' असं विचारलं की त्या नेमकं सांगतात.

व्यसन लागेल म्हणून घरचे गोळी लपवून ठेवतात. कॅन्सरच्या दुखण्यासाठी डॉक्टरांच्या देखरेखीखाली, मोजून घेतलेल्या मॉर्फिनचं व्यसन क्वचितच लागतं. देशातली खरी अडचण बराच काळ वेगळी होती. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यातल्या परवान्यांच्या जंजाळामुळे दवाखाने मॉर्फिन ठेवायलाच तयार नसत. २०१४ च्या दुरुस्तीने ते नियम सोपे केले. तरी आजही अनेक जिल्ह्यांत हे औषध सहज मिळत नाही. ज्या अफूपासून मॉर्फिन बनतं, ती पिकवणाऱ्या देशात पेशंटने दुखण्याने कळवळावं, हे मला अजिबात मान्य होत नाही.

याबाबतीत आपल्याकडे चांगलं कामही झालं आहे. वांद्र्याचं शांती अवेदना सदन १९८६ साली सुरू झालं. ते भारतातलं पहिलं हॉस्पिस, आणि पुढे गोव्यात आणि दिल्लीतही त्याची शाखा निघाली. केरळात कोळिकोडला १९९३ मध्ये डॉ. एम. आर. राजगोपाल आणि डॉ. सुरेश कुमार यांनी सोबत्यांसह वेदनाशामक सेवेची संस्था उभी केली. तिथून शेजारपाजारच्या स्वयंसेवकांनी पेशंटच्या घरी जाण्याची चळवळ वाढली, आणि २००८ साली केरळने अशा सेवेचं सरकारी धोरण जाहीर केलं. महाराष्ट्राने यातून खूप काही घ्यायला हवं.

६. रात्रपाळीची सिस्टर

मुलगा डॉक्टरकडून न सांगण्याचं वचन घेऊन घरी जातो. रात्री दोन वाजता पेशंट सलाईन बदलायला आलेल्या सिस्टरचा हात धरून विचारतो, "सिस्टर, खरं सांगा, मला काय झालंय?" सिस्टरला ठाऊक असतं. बोलायची तिला परवानगी नसते. "डॉक्टर राउंडला येतील तेव्हा विचारा," म्हणून ती पुढच्या खाटेकडे जाते, आणि तो प्रश्न पाळी संपली तरी तिच्या डोक्यातून जात नाही.

योग्य काय ते कळत असूनही नियमांमुळे, हुकमांमुळे ते करता येत नाही, या घुसमटीला अँड्र्यू जेमटन यांनी १९८४ मध्ये नैतिक घुसमट म्हटलं, आणि त्यांनी लिहिलं ते नर्सेसबद्दलच. ती साचत गेली, वर पाळ्या लांबल्या, माणसं कमी पडली, की पुढची पायरी येते. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ ख्रिस्तिना मास्लाक यांनी तिची तीन लक्षणं सांगितली: मन रितं होतं, पेशंट माणूस न वाटता 'बेड नंबर बारा' वाटू लागतो, आणि आपल्या कामाचा काही उपयोग नाही असं वाटतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये याची नोंद कामामुळे उद्भवणारी स्थिती अशी केली. ती कामामुळे येते, म्हणून उपायही कामाच्या ठिकाणी हवा. वॉर्डात चाळीस पेशंटांमागे दोन सिस्टर ठेवून त्यांना योगवर्गाला पाठवण्यात अर्थ नाही.

एक जुना उपाय स्वस्त आहे आणि परिणामकारकही. १९५० च्या दशकात लंडनमध्ये मायकेल बालिंट हे मानसोपचारतज्ज्ञ डॉक्टरांचे लहान गट घेऊन बसत. कोणती तपासणी, कोणतं औषध ही चर्चा तिथे नसे. अमुक पेशंट समोर आला की मला राग का येतो, तमुक गेला तेव्हापासून झोप का नाही, हे बोललं जाई. पुढे बोस्टनमधले वकील केनेथ श्वार्ट्झ यांना चाळिशीत फुफ्फुसाचा कॅन्सर झाला. आजारपणात नर्स आणि डॉक्टरांच्या लहानसहान मायेने आपल्याला किती तारलं, हे त्यांनी लिहून ठेवलं. १९९५ साली जाण्यापूर्वी त्यांनी एका केंद्राची पायाभरणी केली. त्यातून सुरू झालेल्या बैठकांत शल्यविशारद आणि सफाई कर्मचारी एकत्र बसून आपल्या कामातल्या जड गोष्टी बोलतात. आपल्या रुग्णालयांत अशी बैठक होईल तेव्हा वॉर्डातल्या मावशींना विसरू नये. पेशंट डॉक्टरांना जे सांगत नाही ते अंग पुसून देणाऱ्या मावशींना सांगतो, आणि तो गेला की त्याची खाट त्यांनाच आवरावी लागते.

७. वेळ असताना करायच्या दोन गोष्टी

शेवटच्या दिवसांत व्हेंटिलेटर लावायचा का, आयसीयूत न्यायचं का, हे प्रश्न पेशंट बेशुद्ध असताना मुलांपुढे येतात आणि भावाभावांत कायमचं वितुष्ट येतं. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये प्रत्येक सज्ञान माणसाला याबाबतची आपली इच्छा आधी लिहून ठेवायचा हक्क मान्य केला. २०२३ मध्ये ती पद्धत सोपी केली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो. गोव्यात २०२४ साली उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती एम. एस. सोनक यांनी अशी सूचना स्वतःसाठी नोंदवली. निदान ठाऊक नसलेला पेशंट हा कागद कसा लिहिणार?

दुसरी गोष्ट पॅलिएटिव्ह सेवेची, म्हणजे दुखणं, उलट्या, धाप, भीती आणि घरच्यांची दमणूक यांच्याकडे बघणाऱ्या चमूची. तिकडे पाठवलं म्हणजे संपलं, असं लोक समजतात. बोस्टनमध्ये फुफ्फुसाचा पसरलेला कॅन्सर असलेल्या १५१ पेशंटांचा अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांतल्या साधारण निम्म्यांना नेहमीच्या उपचारांबरोबर पहिल्यापासून ही सेवा दिली होती. त्यांच्यात खिन्नता कमी आढळली, शेवटी शेवटी होणारे आक्रमक उपचारही कमी झाले, आणि तरीही ते अधिक जगले. त्या गटातले निम्मे पेशंट ११.६ महिन्यांहून अधिक जगले. दुसऱ्या गटात हा आकडा ८.९ महिने होता.

म्हणून तुमच्या घरी कोणाचं असं निदान झालं असेल, तर उपचार सुरू होतानाच चौकशी करा: इथे पॅलिएटिव्ह ओपीडी आहे का, आणि कोणत्या वारी असते? पेशंटला बरोबर घेऊन त्या वारी जा, आणि त्यांचे प्रश्न त्यांनाच विचारू द्या.